तात्यांच्या दारी सराफा

“ताई, नमस्कार.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी माझ्या सासऱ्यांचं, तात्यांचं, सहस्रचंद्रदर्शन आहे. सकाळी शांत आणि घरातल्यांचं जेवण होईल. संध्याकाळी कॉलनीच्या बगीच्यात दीडशे माणसं बोलवायची आहेत. तात्यांना सराफ्याचं, म्हणजे इथल्या सराफा बाजारात रात्री भरणाऱ्या खाऊगल्लीचं, फार वेड, पण गुडघ्यांमुळे गेली तीन वर्षं तिकडे जाणं झालेलं नाही. म्हणून माझ्या मुलाने सुचवलं, की फूड ट्रक बोलवू, सराफाच आजोबांकडे आणू.

एका ट्रकवाल्याशी बोलणं झालंय. चाट, पावभाजी आणि पिझ्झा. माणशी २६० रुपये, किमान १२० माणसं, वेळ तीन तास. गाडीभाडं आणि जनरेटर मिळून ५,५०० वेगळे, प्लेट-चमच्याचा सेट १२ रुपयांना, तीन तासांच्या वर गेलं तर तासाला ३,५००. शेवटी सगळ्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागेल म्हणाला. आमच्याकडे एकूण ६०,००० आहेत. दीडशे माणसांचे ३९,००० होतात, म्हणजे उरलेल्या २१,००० मध्ये सजावट होईल असा माझा अंदाज.

सासूबाई नाराज आहेत. ‘घरी बोलावून माणसांना गाडीवरचं खायला घालायचं का?’ म्हणतात. त्यांच्या ओळखीचा रामबागेतला आचारी मसालेभात, रस्सा, मठ्ठा, जिलबी २२० रुपये पानाने करतो. चौकातला गराडूवाला गराडू (तळलेल्या कंदाचे तुकडे) आणि भुट्ट्याचा कीस असा ठेला संध्याकाळभर ७,५०० रुपयांत लावायला तयार आहे. पण मुलाला ट्रकच हवाय. काय करू?

— एक सूनबाई, सुदामा नगर, इंदूर”

सूनबाई,

तुमच्या मुलाला माझ्याकडून शाबासकी सांगा. आजोबांना काय हवंय हे त्याने बरोबर ओळखलं. सोन्याचांदीची दुकानं वाढवली, की त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढतात, हे दृश्य ज्याने आयुष्यभर पाहिलंय त्याला ते तीन वर्षं दिसू नये, हे किती लागत असेल! संध्याकाळ अशीच करा. मात्र तुमचा हिशेब आहे तसा ठेवलात, तर रविवारी रात्री तुमच्या हातात एक बिल येईल आणि तुम्ही तात्यांचं कौतुक सोडून कोपऱ्यात बेरीज करत बसाल. ते होऊ नये म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तो ३९,००० चा आकडा घेऊ. त्यात गाडीभाडं आणि जनरेटरचे ५,५०० मिळवा, झाले ४४,५००. आता प्लेटा. तुम्ही बहुधा माणशी एक सेट धरला असेल. पण चाट खाल्लेल्या द्रोणात कोणी पावभाजी घेत नाही. चाट, पावभाजी, पिझ्झा असे तीन पदार्थ म्हणजे माणशी तीन सेट. दीडशे माणसांचे साडेचारशे सेट, १२ रुपयांप्रमाणे ५,४००. बेरीज ४९,९००. त्यावर त्याने सांगितलेला १८ टक्के कर ८,९८२. झाले ५८,८८२. आणि कार्यक्रम तासभर लांबला, जो या हिशेबात लांबणारच आहे (का ते पुढे सांगते), तर कर धरून आणखी ४,१३०. एकूण ६३,०१२ रुपये. सजावटीचा एक झेंडूही न आणता तुम्ही तीन हजारांनी वर गेलात.

ट्रकवाला लबाड आहे असं मला म्हणायचं नाही. प्रत्येक आकडा त्याने तुम्हाला सांगितलाच होता. फक्त एकत्र मांडला नव्हता, आणि तो मांडून घेणं हे आपलं काम असतं.

एक आकडा मात्र तपासायलाच हवा, तो कराचा. बाहेर जाऊन जेवण पुरवण्यावर पूर्वी १८ टक्के जीएसटी होता हे खरं. पण १ ऑक्टोबर २०१९ पासून तो ५ टक्के आहे. महागड्या हॉटेलांच्या आवारातलं केटरिंग तेवढं वेगळं. तुमच्या कॉलनीच्या बगीच्याला ते लागू नाही. शिवाय तो जर कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल, तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेण्याची त्याला मुभाच नाही. म्हणून भांडू नका, फक्त विचारा, “दादा, तुमचा जीएसटी नंबर काय आणि बिलावर किती टक्के लावणार?” इतकं विचारलं की बहुतेक वेळा १८ चे ५ होतात.

आता कार्यक्रम लांबण्याचं सांगते, कारण माझ्या मते फूड ट्रकच्या खर्चात सगळ्यात मोठी चूक इथे होते. आपण केटरर ठरवतो तसं पानाचा भाव विचारतो आणि तिथेच थांबतो. बुफेला ते चालतं, कारण अन्न आधीच शिजलेलं असतं आणि चार ठिकाणी मांडलेलं असतं. ट्रकला खिडकी एक. त्या खिडकीतून मिनिटाला किती प्लेटा बाहेर येतात, हा खरा प्रश्न.

तुमचंच गणित करू. साडेचारशे प्लेटा. वेळ तीन तास म्हणायला. पण लोक साडेसातच्या आत येत नाहीत आणि जानेवारीच्या थंडीत नऊनंतर म्हातारी माणसं आणि लहान मुलं उघड्यावर थांबत नाहीत. म्हणजे हातात खरा वेळ दीड तास, ९० मिनिटं. मिनिटाला पाच प्लेटा. दर बारा सेकंदांना एक! पिझ्झा भाजायला चार-पाच मिनिटं जातात. ओव्हनमध्ये एका वेळी किती बसतात ते तुम्हीच त्याला विचारा. मग रांग लागते, रांग लागली की टोकन येतात, टोकन आले की तास वाढतो, आणि वाढलेल्या तासाचे पैसे तुम्ही भरता.

हे मी पाहिलंय म्हणून इतकं पोटतिडकीने लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी आमच्या घरी भाच्याची मुंज झाली. संध्याकाळी आम्हीही हौसेने ट्रक बोलावला. माझी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आत्या, नेसूचं नारायणपेठ, खांद्यावर शाल, ट्रकपुढे उभी. हातात टोकन, नंबर चौसष्ट. मी पाहुण्यांत होते, मला वाटलं कोणीतरी तिला आणून दिलं असेल. पाऊण तासाने गेले, तर ती तशीच उभी. टोकनाची चिठ्ठी हातातल्या घामाने मऊ पडून मुडपली होती, आकडा फिकटला होता. तिचा नंबर आला तेव्हा पाव संपले होते. म्हणाली, “अगं, मला भूक नव्हतीच.” भूक होती. घरी येऊन तिने दूधभात खाल्ला. त्या दिवसापासून ट्रकवाल्याला मी भावाआधी वेग विचारते: “ताशी किती प्लेटा देता, आणि आत किती माणसं उभी असतात?” जो माणूस पटकन आकडा सांगतो त्याने असे कार्यक्रम केलेले असतात. “हो जाएगा, चिंता मत करो” म्हणतो, त्याला दोनदा विचारावं.

यातून तुमचा मेनू आपोआप ठरतो. पिझ्झा काढा. मुलं जरा हिरमुसतील, पण हा तात्यांचा दिवस आहे आणि सराफ्यातल्या त्यांच्या आठवणींत पिझ्झा नसणार. ट्रकवर पावभाजी आणि चाट ठेवा. भाजी तव्यावर तयार असते, पाव भाजले की झालं. दही-पुरी, आलू टिकिया याही झटपट हातात पडतात. आणि गराडूवाल्याला हो म्हणून टाका, आजच. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे. गराडू हिवाळ्यातच मिळतात, तुमचा कार्यक्रम ऐन जानेवारीत. तो आधी एकदा तळून ठेवील, मागणी आली की दुसऱ्यांदा कडक तळून, मसाला भुरभुरून, लिंबू पिळून देईल. अर्ध्या मिनिटाचं काम. भुट्ट्याचा कीस तर त्याहून सोपा, दुधात शिजून कढईत तयार असतो, डाव घातला, वर खोबरं-कोथिंबीर टाकली की वाटी पुढे. ठेल्यामुळे गर्दी दोन ठिकाणी वाटली जाते. दुसरा ट्रक आणायचा तर पुन्हा किमान माणसांची अट, पुन्हा गाडीभाडं, पुन्हा जनरेटर. साडेसात हजारांत तसं काही मिळत नाही.

ठेलेवाल्याशी एवढंच ठरवा, की माल त्याचा, तेल नवीन, आणि तो साडेसहालाच येऊन कढई तापवून तयार असेल.

आता सासूबाईंचं. त्या चुकीचं बोलत नाहीत, आणि त्यांना “काळ बदललाय” वगैरे मुळीच ऐकवू नका. “गाडीवरचं” या शब्दामागे त्यांची एक काळजी आहे. आपल्याकडे पाहुण्याला वाढतात, आग्रह करतात, “अजून एक जिलबी” म्हणून पानात टाकतात. ट्रकपुढे पाहुणा स्वतः हात पुढे करून मागतो. त्यांना हे मागणं खटकतंय. आणि तात्यांच्या वयाची माणसं येणार, ती रांगेत कशी उभी राहतील, हेही त्यांना दिसत असणार. माझ्या आत्याला मी पाहिलं नाही, तुमच्या सासूबाई आधीच पाहताहेत.

म्हणून रामबागेतला आचारी ठेवा. दीडशेंसाठी नको, चाळीस पानांसाठी. सत्तरीच्या पुढची जितकी माणसं असतील त्यांची यादी सासूबाईंनाच करायला सांगा. त्यांच्यासाठी टेबल-खुर्च्या, मसालेभात, रस्सा, मठ्ठा, जिलबी, बसल्या जागी. पानं मांडायची जागा सासूबाई ठरवतील, वाढप कोणी करायचं तेही. कांदा-लसूण न खाणारे, गोड वर्ज्य असलेले, कमी तिखट लागणारे, सगळे त्याच पंगतीत सांभाळले जातात. आणि घरातल्या दोन-तीन मोठ्या मुलांना काम द्या: ट्रकवरून, ठेल्यावरून ट्रे भरून आणायचे आणि या टेबलांवर आग्रहाने फिरवायचे. “आजी, एक घास कीस घ्या.” आग्रह राहिला, सराफाही राहिला.

आता नव्याने बेरीज. चाळीस माणसं आचाऱ्याकडे गेली, ट्रककडे उरली ११०. त्याची अट १२० ची आहे, ती ११० वर आणायची. हे होईल, आणि का होईल तेही सांगते. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत मालव्यात मलमास पाळतात, लग्नं नसतात. एकतीस डिसेंबरच्या पार्ट्या आटोपल्या, की संक्रांतीपर्यंत या ट्रकांना फारसं काम नसतं. तुमचा रविवार नेमका त्या मोकळ्या दिवसांत येतो. हीच तारीख फेब्रुवारीत असती तर मी तुम्हाला घासाघीस करायला सांगितलंच नसतं. आता बिनधास्त करा, पिझ्झा काढल्याबद्दल माणशी भाव कमी करा असंही म्हणा. तो कमी झाला तर उत्तमच, पण खालच्या हिशेबात मी तो धरलेला नाही.

११० माणसांचे २६० प्रमाणे २८,६००. गाडीभाडं-जनरेटर ५,५००, मिळून ३४,१००. पाच टक्के कर १,७०५, झाले ३५,८०५. आचाऱ्याची चाळीस पानं ८,८००. ठेला ७,५००. एकूण ५२,१०५. ट्रकवाल्याच्या प्लेटा घेऊ नका. टेंटवाल्याकडून स्टीलच्या ताटल्या, वाट्या, चमचे भाड्याने आणा आणि धुवायला दोन बायका सांगा. त्यासाठी २,००० बाजूला काढा, भाव आधी विचारून घ्या. स्टीलच्या ताटलीत खाताना माणूस तीच ताटली घेऊन पुन्हा जातो, आणि आपल्या इंदुरात ओला-सुका कचरा वेगळा करायची जी सवय लागली आहे तिलाही ते बरं. प्लास्टिक-थर्माकोलच्या प्लेटा, ग्लास, चमचे यांवर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे, तेव्हा स्वस्तात मिळताहेत म्हणून कोणी आणून दिले तरी घेऊ नका.

एकूण ५४,१०५. साठातून उरले ५,८९५. यातले ३,६७५ जास्तीच्या एका तासासाठी, करासकट, पाकिटात घालून ठेवा. लागले नाहीत तर आनंद. राहिले २,२२०. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे सहा-सात जार त्यातून येतील.

सजावटीचे २१,००० नाहीत, सूनबाई. कुठेच नाहीत. हे वाचून वाईट वाटेल, पण आता कळलं तर बरं. सकाळी तात्यांना ओवाळायला पणत्या आणाल त्याच संध्याकाळी बगीच्याच्या कठड्यावर लावा, दारात मोठी रांगोळी काढा, कोणाकडे तात्यांचे जुने फोटो असतील तर दोरीवर चिमट्यांनी लटकवा. लोक त्या दोरीपुढे जितका वेळ उभे राहतील तितकी ट्रकपुढची रांग कमी. आणि पैसे अगदी कमी पडतच असतील, तर पदार्थ कमी करू नका, माणसं कमी करा. दीडशेंची यादी पुन्हा एकदा बसून वाचा. त्यात “त्यांनी आपल्याला बोलावलं होतं” म्हणून आलेली नावं असतात, ती कुठली ते तुम्हाला ठाऊक असतं.

माणसं मोजायचीही एक रीत सांगते. आपल्याकडे “येतो” म्हणणारे येतातच असं नाही आणि न कळवता चौघं घेऊन येणारेही आपलेच. तीन याद्या करा: नक्की येणारे, बघू म्हणणारे, आणि कॉलनीतले शेजारी. गुरुवारी संध्याकाळी फोन करून पहिली यादी पक्की करा आणि ट्रकवाल्याला अंतिम आकडा शुक्रवारी कळवायची मुभा मागून घ्या. आकडा जरा कमीच सांगा, पण त्यावर जास्तीच्या माणसाचा भाव किती ते आधी लिहून घ्या, नाहीतर त्या रात्री तो जे म्हणेल ते. पाच वर्षांखालच्या मुलांचे पैसे धरायचे नाहीत हेही लिहा.

लिहून घ्या म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर तरी. तारीख, पदार्थ, वाढायला सुरुवात किती वाजता (ट्रक पोहोचण्याची वेळ वेगळी, वाढण्याची वेगळी, तीन तास वाढायला लागल्यापासून मोजायचे), माणसं, भाव, कर, विसार किती. विसार पाव रकमेपेक्षा जास्त देऊ नका, बाकीचे काम झाल्यावर. त्याचा एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा परवान्याचा, चौदा अंकी नंबर मागा. तो बिलावर छापलेला असायला हवा. नसेल तर दुसरा ट्रक बघा, ऐंशीच्या घरातली माणसं जेवणार आहेत. मावठ्याचंही बोला. जानेवारीत एखादी सर येऊ शकते, त्या दिवशी आली तर ट्रक कुठे लागेल आणि कार्यक्रम पुढे ढकलला तर विसार जमा धरणार की बुडणार?

जागेचं थोडक्यात. बगीच्याचं फाटक टेपने मोजा, आणि ट्रकवाल्याकडून गाडीची रुंदी आणि उंची दोन्ही घ्या. खिडकीचं झडप उघडलं की बाजूला आणखी दोन-अडीच फूट लागतात. फाटकावर कमान किंवा केबलची लोंबती वायर असेल तर उंचीही बघा. आमच्या मुंजीत गाडी आत आली नाही ती वायरमुळे, आणि लोक रस्ता ओलांडून खायला जात होते. हिरवळीवर पाणी सोडलेलं असेल तर शनिवारपासून बंद करा, चाकं रुततात. ट्रकखाली ताडपत्री घाला, म्हणजे तेलाचे डाग पडून कॉलनीच्या समितीची बोलणी बसणार नाहीत.

वीज घरातून द्यायची आणि जनरेटरचे पैसे वाचवायचे, असा विचार घरात कोणीतरी मांडेलच. घरातल्या मोठ्या, १६ अँपिअरच्या सॉकेटवर जेमतेम साडेतीन किलोवॉट भार निघतो. दिवे आणि एक्झॉस्ट चालतील, त्यावर फ्रीज आणि हीटर लावलात की सगळा बगीचा अंधारात. जनरेटर राहू द्या, फक्त तो पंगतीपासून लांब ठेवा. आणि गॅस संपला म्हणून कोणी घरचं सिलिंडर मागायला आलं तर देऊ नका. घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर धंद्याला वापरता येत नाही, त्याने १९ किलोची व्यावसायिक दोन आणावीत, एक चालू आणि एक जोडीला.

राहिले तात्या. त्यांची खुर्ची ट्रककडे तोंड करून ठेवू नका, गराडूच्या कढईजवळ ठेवा, धूर लागणार नाही इतक्या अंतरावर. शेकही मिळेल. तेलात गराडू पडल्याचा आवाज त्यांना तिथून ऐकू येईल, आणि पहिला द्रोण सासूबाईंच्या हातून त्यांना मिळू दे. बाकी दीडशे माणसं पाच मिनिटं थांबतील.

फाटकाचं माप घेतलंत की ट्रकवाल्याला उद्याच फोन करा. गराडूवाल्याला आजच.

— तुमची ताई